नाचणाऱ्यांच्या शहरातला बीबॉप

१९५१ साली ‘अलबेला’ लागला तेव्हा लोक थिएटरातच नाचायला लागले होते. भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, पडद्यावर नुसते खांदे हलवत आणि खाली प्रेक्षक पैसे उधळत. संगीत होतं पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. या चित्रपटातल्या एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला एक बँड दिसतो. भगवानदादा आणि गीता बाली पुढे असताना त्या बँडकडे कुणी पाहत नाही, आणि त्यात प्रेक्षकांचा दोषही नाही. पण ती माणसं शूटिंगपुरती गोळा केलेली नव्हती. ट्रंपेट हातात घेतलेला गृहस्थ चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो शावियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबई त्याला आपला लुई आर्मस्ट्राँग म्हणायची. दिवसा फिल्म स्टुडिओ आणि रात्री हॉटेलचा डान्स फ्लोअर, असा त्याचा आणि त्याच्या साथीदारांचा दिनक्रम होता.

या दोन नोकऱ्यांच्या मधल्या वेळात या मंडळींपैकी काहींनी तिसरंच एक संगीत जवळ केलं. ते नाचायला निरुपयोगी होतं, सिनेमाला तर त्याहून निरुपयोगी होतं. त्याचं नाव बीबॉप. त्याच्या मुख्य वाद्यांपैकी एक सॅक्सोफोन.

बीबॉप जन्मला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला. ‘मिंटन्स प्लेहाउस’ नावाच्या छोट्या क्लबात मोठ्या बँडांतले तरुण वादक आपापली ठरलेली वाजवणी आटोपून मध्यरात्रीनंतर जमत आणि स्वतःसाठी वाजवत. ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर थेलोनियस मंक, आणि आल्टो सॅक्सोफोनवर कॅन्सस सिटीहून आलेला, विशीतला चार्ली पार्कर. आदल्या दशकातलं ‘स्विंग’ हे चौदा-पंधरा वादकांच्या बँडचं, जोडप्यांना फिरवणारं संगीत होतं. या पोरांनी चार-पाच वादकांतच खेळ मांडला आणि लय इतकी पळवली की नाचणाऱ्याचे पाय अडखळावेत.

त्यांची युक्ती मोठी मजेदार होती. आपल्याकडे कीर्तनकार लोकांच्या ओठांवरची चाल घेतो आणि तिच्यावर नवं पद बसवतो. बीबॉपवाल्यांनी नेमकं उलट केलं. लोकप्रिय गाण्याची चाल फेकून दिली, तिच्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, मांडणी तेवढी ठेवली आणि तिच्यावर तुटक, वळणावळणाची नवी धून रचली. ‘चेरोकी’ या गाण्याच्या कॉर्डवर पार्करचं ‘को-को’ उभं राहिलं; ‘हाउ हाय द मून’च्या कॉर्डवर ‘ऑर्निथॉलॉजी’. यात व्यवहारही होता. कॉपीराइट चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर नसतो. त्यामुळे जुन्या गाण्याच्या मालकाला पैसे द्यावे लागत नसत.

या संगीताची पहिली पावलं ध्वनिमुद्रित झालीच नाहीत म्हटलं तरी चालेल. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी तो वाद १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. दुसरं कारण आपल्या दारातलं आहे. त्या काळच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या असत, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश होता हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या रानातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी साठवलेली लाख जहाजाने अमेरिकेत जायची आणि तिच्यावर जॅझ कोरला जायचा. युद्धाने जहाजांचे मार्ग धोक्यात आणले, लाख लष्करी कामालाही लागू लागली, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लागणाऱ्या शेलॅकच्या वापरात सत्तर टक्के कपात केली. पार्करचं ‘को-को’ २६ नोव्हेंबर १९४५ ला मुद्रित झालं, तोवर बीबॉप वयात आला होता. जगाने तो एकदम तयार स्थितीत ऐकला; म्हणून अनेकांना तो आकाशातून पडल्यासारखा वाटला.

मुंबईला मात्र सॅक्सोफोनची ओळख त्याच्या बरीच आधी झाली होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यापाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आला, शिकागो आणि शांघाय गाजवलेला पियानिस्ट टेडी वेदरफोर्ड आला. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने जाता येत नसे, ते इथे गोऱ्या साहेबांना आणि संस्थानिकांना नाचवत होते. वेदरफोर्ड तर इथलाच झाला. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला.

त्याच्या साथीदारांत रूडी जॅक्सन होता, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारा. हा गडी १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये होता. ‘क्रिओल लव्ह कॉल’ या एलिंग्टनच्या प्रसिद्ध रचनेची मूळ धून त्यानेच आणून दिली, आणि स्वतःची म्हणून दिली. ती निघाली किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकडीतली. ऑलिव्हरने हक्क सांगितला, प्रकरण चिघळलं, आणि जॅक्सन एलिंग्टनकडून बाहेर पडला. पुढे युरोप फिरून तो हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये अनेक वर्षं वाजवत राहिला. एलिंग्टनच्या पहिल्या मोठ्या यशात वाटा असलेला माणूस आपल्या शेजारी बसून वाजवतो आहे, ही गोष्ट मुंबईच्या तरुण वादकांना काय देऊन गेली असेल याची कल्पना करावी. चोरीची बातमी बहुधा बोटीने आली नसावी.

हे तरुण वादक बहुतेक गोवेकर होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीची ओळख होई. गावचा मास्तर सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकून घेई, व्हायोलिन हातात देई. फेस्ताला बँड लागे, मिसेला गायकवृंद लागे. नोकरीसाठी मुंबईला आलेला पोरगा धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कुडी’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, पथारी टाके आणि वाद्याच्या जोरावर काम शोधे. समोर कागद ठेवला की पहिल्या नजरेत वाजवणारा वादक तेव्हाच्या मुंबईत दुसरीकडे मिळणं कठीण होतं.

वसईच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडावा. पोर्तुगीज तर वसईतही होते. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून ती त्यांना मिळाली, त्यांच्या उत्तर प्रांताचं ते मुख्य ठाणं झालं, किल्ल्यात जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पंथांची चर्च उभी राहिली. मग जॅझचे वादक हळदोणे, माजोर्डे, न्यूरा या गावांतून का आले? पापडी, संडोर, नंदाखाल इथून का नाही? उत्तराचा मोठा भाग तारखांत आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि पोर्तुगीज अंमल संपला. गोव्यात तो १९६१ पर्यंत, म्हणजे आणखी २२२ वर्षं टिकला. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात गोव्याच्या पॅरिश शाळा वादकांच्या पिढ्या घडवत असताना वसईचा ख्रिस्ती शेतकरी केळी, पानवेली आणि भाजीपाल्यात गुंतला होता. वसईत संगीत नव्हतं असं नाही. घुमट होतं, लग्नगीतं होती, पुढे ब्रास बँड आले. पण ते गावाचं संगीत होतं, निर्यातीचा धंदा नव्हता.

ताजच्या बॉलरूमची सूत्रं १९३९ मध्ये मिकी कोरियाकडे आली. जन्म १९१३ चा, मोंबासातला, वाढला कराचीत, वाद्यं सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. दोन दशकांहून अधिक काळ त्याचा बँड ताजमध्ये वाजला आणि मुंबईतल्या कितीतरी वादकांची तालीम तिथेच झाली. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा होता. त्या रात्री त्याचा बँड होता, आणि चिक चॉकलेटचाही. देशाच्या मध्यरात्री दक्षिण मुंबईच्या टोकाला सॅक्सोफोन वाजत होता, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

त्याच पिढीत रूडी कॉटन होता. नावावरून अमेरिकन वाटावा असा हा माणूस अस्सल पारशी, कावस खटाव. टेनर सॅक्सोफोन हे त्याचं वाद्य. जॅझमध्ये देशी नावाने पोटाला मिळत नाही हे त्या वेळचं व्यवहारज्ञान होतं.  कोरियाने आडनाव बदललं नाही, ते न बदलताही परदेशी वाटत होतं.

युद्धात मुंबई अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांनी भरली. त्यांच्या सामानात तबकड्या असत. युद्धानंतर गोदीत उतरणारे खलाशी तबकड्या आणत. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर १९५५ मध्ये विलिस कॉनोव्हरचा जॅझचा तास सुरू झाला, तो शॉर्टवेव्हवर खरखरत ऐकू येई. त्याच सुमाराला आपल्या आकाशवाणीवर काय चाललं होतं? नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्याचे. त्यांना चित्रपटसंगीत उथळ वाटे आणि त्यातली पाश्चात्त्य छटा तर मुळीच खपत नसे. १९५२ पासून काही वर्षं आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली, आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले. सरकारी कान असे मिटलेले असताना निरंजन झवेरी नावाच्या तरुणाने १९५२ मध्येच ‘ब्ल्यू ऱ्हिदम’ हे जॅझला वाहिलेलं मासिक मुंबईतून काढलं. ते फार टिकलं नाही. झवेरी टिकले, ते पुढे पुन्हा भेटतील.

तबकडी शिक्षक होती. बीबॉपचे वेगवान तुकडे कागदावर छापून येत नसत. सुई उचलून त्याच जागी पुन्हा ठेवायची, पुन्हा ऐकायचं, बोटांना सांगायचं. पॅरिश शाळेत कागदावरून वाजवायला शिकलेल्या मुलांना इथे कागद सोडावा लागला. आणि सॅक्सोफोन हे मुंबईच्या हवेला न मानवणारं वाद्य. पावसाळ्यात चामड्याची पॅड फुगतात, छिद्रं नीट मिटत नाहीत, हवा गळते. त्यावर पार्करच्या वेगाने बोटं फिरवायची.

मोठी अडचण मात्र गिऱ्हाइकाची होती. चर्चगेटच्या रस्त्यावर, आज ज्याला वीर नरिमन रोड म्हणतात तिथे, गेलॉर्ड, बॉम्बेलीज, बेरीज, व्होल्गा अशी एकेक रेस्तराँ ओळीने होती. ॲम्बॅसडर हॉटेल होतं, ॲस्टोरियात ‘व्हेनिस’ होतं. जवळपास प्रत्येक ठिकाणी बँड. पण १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली होती. परमिटवाले सोडले तर बाकीच्यांनी कॉफी आणि सोडा पिऊन नाचायचं. मालकाचा हिशेब सोपा असे: लोक नाचले तर थांबतील, थांबले तर खातील. अशा ठिकाणी कुणी वादक डोळे मिटून ‘को-को’च्या वेगाने सुटला की फ्लोअर रिकामा व्हायचा आणि मालक काउंटरवरून बघायला लागायचा. म्हणून रात्री फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा, चा-चा-चा. आणि बीबॉप शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, नाहीतर रविवारी सकाळच्या जॅम सेशनला. मिंटन्समध्येही तो मध्यरात्रीनंतरच वाजायचा. फरक इतकाच की तिथे त्याला पुढे स्वतःचे क्लब मिळाले. मुंबईत तसं घर त्याला कधी मिळालं नाही.

पैसे मिळत ते दिवसा. हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद १९४० च्या दशकात फुगत गेला आणि संगीतकारांना स्वरलिपी लिहिणारे, स्वरसंवाद रचणारे अरेंजर लागू लागले. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा भरदार आवाज त्यांच्या लेखणीतून उतरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, अरेंजमेंट लिहीत आणि शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर होता. चितळकरांना स्विंगचं वेड होतं. ‘शहनाई’पासून (१९४७) त्यांनी तो हिंदी गाण्यात आणला आणि तो मराठी-हिंदी कानांना इतका सहज वाटला की कुणी त्याला जॅझ म्हटलंच नाही. हेच त्यांचं यश, आणि वादकांचं दुर्दैवही. गाणं संगीतकाराचं, आवाज लताबाईंचा, चेहरा नायकाचा. सॅक्सोफोनवाल्याचं नाव तबकडीवर येत नसे.

या अनामिकांत सर्वांत जास्त ऐकला गेलेला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ते गोवेकर नव्हते. कलकत्त्यातल्या नेपाळी कुटुंबातले. सलिल चौधरींच्या सांगण्यावरून १९५८ मध्ये मुंबईला आले. ‘कश्मीर की कली’मधलं रफीसाहेबांचं ‘है दुनिया उसी की’ किंवा ‘आराधना’मधलं ‘रूप तेरा मस्ताना’ ऐकताना जो सॅक्सोफोन आठवतो, तो त्यांचा. स्वर गोल, रुंद, गायकाच्या श्वासाला श्वास देणारा. बीबॉपच्या नेमका विरुद्ध बाज. सिनेमाला सॅक्सोफोन हवा होता तो एक तर दारूच्या ग्लासाशेजारी किंवा पावसात भिजलेल्या नायिकेजवळ. पार्करच्या घाईला तिथे जागा नव्हती.

१९५६ मध्ये डिझी गिलेस्पी अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर कराचीत आला, ढाक्याला गेला. गारुड्याच्या नागासमोर ट्रंपेट वाजवतानाचा त्याचा कराचीतला फोटो जगभर छापला गेला. भारत या दौऱ्यात नव्हता. बीबॉपचा एक जनक शेजारच्या दोन्ही अंगणांत वाजवून परत गेला, आणि मुंबईचे वादक तबकड्या ऐकत राहिले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, डेव्ह ब्रूबेकची चौकडी मुंबईत आली. त्यात आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड होता, मुलायम आणि कोरड्या स्वराचा. ब्रूबेकने इथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर बैठक केली. मुंबईत वाजवणाऱ्या एडवर्ड सल्दान्हा या पियानिस्टचं वाजवणं ऐकून त्याने त्याला अमेरिकेत शिकायला जायची वाट करून दिली. हा सल्दान्हा इथे ‘डिझी सल’ या नावाने वाजवत असे. नावातच कुणाची भक्ती होती ते कळतं.

१९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. त्याच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोनवर होता पॉल गोन्साल्विस. १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्याने एका रचनेच्या मध्ये सलग २७ आवर्तनांचा सोलो वाजवला होता आणि सुस्तावलेला जमाव खुर्च्यांवर चढला होता. त्याचे आईवडील केप व्हर्देचे, म्हणजे पोर्तुगिजांच्याच एका वसाहतीतले. वसईत गोन्साल्विस आडनावाच्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत. तेच आडनाव घेऊन सॅक्सोफोनवर इतकी मजल मारणारा माणूस अटलांटिकच्या पलीकडून मुंबईत उतरला होता. एकाच साम्राज्याने दोन किनाऱ्यांवर वाटलेलं ते आडनाव.

बीबॉपच्या पहिल्या पिढीच्या हाताखाली तयार झालेला एक मोठा सॅक्सोफोनवादक मात्र मुंबईत वाजवायला नव्हे, गप्प बसायला आला. सनी रॉलिन्स, जन्म १९३० चा, हार्लेमचा. विशी ओलांडायच्या आत त्याने बड पॉवेलबरोबर रेकॉर्डिंग केलं होतं. १९५३ मध्ये माइल्स डेव्हिसच्या एका रेकॉर्डिंगला तो आणि पार्कर दोघे टेनर घेऊन उभे होते. कीर्ती शिखरावर असताना, १९५९ मध्ये, तो मैफिली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटाच रियाज करू लागला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. दोन वर्षं हे चाललं. १९६८ मध्ये त्याला पुन्हा असंच वाटलं आणि तो थेट पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला.

तेव्हाची पवई म्हणजे तलाव, टेकड्या, नव्याने उभी राहिलेली आयआयटी आणि भोवती रान. रॉलिन्स तिथे काही महिने योग आणि वेदान्त शिकला. पुढे मुलाखतींत त्याने एक गोष्ट सांगितली आहे. डोळे मिटून बसलं की मन एका जागी राहत नाही, अशी तक्रार त्याने स्वामींकडे केली. त्यांनी सांगितलं की सॅक्सोफोन वाजवणं हेच तुझं ध्यान आहे. यातलं शहाणपण बाजूला ठेवलं तरी व्यावहारिकदृष्ट्या हा सल्ला फार चांगला ठरला; रॉलिन्स पुढे चाळीसहून अधिक वर्षं वाजवत राहिला.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच तो वादक. ब्राझ गोन्साल्विस. गाव न्यूरा, तिसवाडीतलं. जन्म १९३० च्या दशकातला, म्हणजे रॉलिन्सपेक्षा थोडा लहान. मुंबईच्या जॅझवर बोलणारे जुने लोक बीबॉप म्हटलं की पहिलं नाव त्याचं घेतात, कारण स्विंगमधून सावकाश बीबॉपकडे सरकलेल्या वादकांत तो बसत नाही. तो पार्करच्या भाषेतच बोलायला लागला. आल्टो, टेनर, सोप्रानो ही तिन्ही वाद्यं त्याच्या हातात होती. चिक चॉकलेटची गायिका मुलगी इव्हॉन हिच्याशी त्याचं लग्न झालं. म्हणजे मुंबईचा आर्मस्ट्राँग सासरा आणि बीबॉपवाला जावई. जॅझच्या इतिहासात या दोन पिढ्यांचं अजिबात पटलं नव्हतं. खुद्द आर्मस्ट्राँग बीबॉपला नावं ठेवत असे.

ब्राझने १९७० मध्ये ‘रागा रॉक’ ही छोटी तबकडी काढली, ‘ब्राझ गोन्साल्विस सेव्हन’ या नावाने. तेव्हा राग आणि पाश्चात्त्य संगीत यांची खिचडी जगभर शिजत होती. बीटल्सनी सतार उचलून पाच वर्षं झाली होती. पण बाहेरचे लोक रागाला चवीपुरता वापरत होते. ब्राझची अडचण वेगळी होती आणि जास्त खरी होती. बीबॉपचा वादक घडतो तो दर दोन मात्रांनी बदलणाऱ्या कॉर्डमधून वाट काढत. रागात कॉर्ड बदलतच नाहीत. षड्‌ज खाली अढळ असतो आणि वाट आत काढायची असते. पळायला शिकलेल्या माणसाने एका जागी उभं राहून सांगायचं काय? पुढची पंधरा-वीस वर्षं तो याच प्रश्नाशी झगडत होता असं त्याच्या वाजवण्यावरून वाटतं.

त्यात त्याला साथ मिळाली पियानिस्ट लुई बँक्सची. दोघं कलकत्त्यात, पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्ल्यू फॉक्स’मध्ये एकत्र वाजवत, गायला पॅम क्रेन असे. पार्क स्ट्रीट तेव्हा मुंबईपेक्षाही जॅझला मोकळी जागा देणारा होता. नंतर बँक्स मुंबईत आला. कर्नाटक संगीतातल्या गायिका रमामणी यांना घेऊन ‘संगम’ नावाचा प्रयोग झाला, तो युरोपात वाजला. तानांना सॅक्सोफोन उत्तर देतो आहे, सरगम आणि बीबॉपचे तुकडे एकमेकांना चिमटे काढताहेत, असा तो बाज होता. इंडो-जॅझच्या नावाखाली पुढे जे पुष्कळ गुळगुळीत संगीत निघालं, त्याच्यापेक्षा हे खरखरीत आणि म्हणून जास्त ऐकण्यासारखं.

हे सगळं ज्या मंचावर लोकांपुढे आलं तो मंच निरंजन झवेरींचा. मासिक बंद पडून पाव शतक उलटलं होतं. १९७८ मध्ये त्यांनी ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात भरवला. आणि पहिल्याच यात्रेला आला सनी रॉलिन्स. दहा वर्षांपूर्वी पवईत डोळे मिटून बसलेला माणूस आता मुंबईच्या खुल्या आकाशाखाली टेनर घेऊन उभा होता, आणि खाली हजारो माणसं खुर्च्यांवर बसून ऐकत होती. नाचत नव्हती, ऐकत होती. मुंबईच्या वादकांनी तीस वर्षं याच श्रोत्याची वाट पाहिली होती.

१९८० च्या मुंबईतल्या जॅझ महोत्सवात मंगळूरकडचा एक तरुण सॅक्सोफोनवर शुद्ध कर्नाटक संगीत वाजवू लागला, आणि ते ऐकून अमेरिकी आल्टोवादक जॉन हँडीने त्याच्याबरोबर वाजवू का म्हणून विचारलं. हे कद्री गोपालनाथ. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये हे वाद्य पाहून ते त्याच्या प्रेमात पडले होते. जॅझशी त्यांचा संबंधच नव्हता. ब्राझ बीबॉपकडून रागाकडे चालत होता तेव्हा हा माणूस रागाकडून निघून त्याच मंचावर पोचला.

श्रोते मिळाले तेव्हा रोजचं काम जायला लागलं. सत्तरच्या दशकात हॉटेलांनी बँड काढून डिस्को लावले. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला; साठ वादकांच्या जागी दोन कीबोर्ड ठेवून गाणी होऊ लागली. चिक चॉकलेट हे पाहायला नव्हता, तो १९६७ मध्येच, ५१ व्या वर्षी गेला. अँथनी गोन्साल्विस १९६० च्या दशकात अमेरिकेला गेले. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’मुळे सगळा देश त्यांचं नाव गाऊ लागला, ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे माहीत नसताना. ब्राझ प्रार्थनेकडे वळला, गोव्याला परतला आणि सॅक्सोफोनवर गॉस्पेल वाजवू लागला. रंगभवनही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून मैफिलींना बंद झालं. २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक आलं आणि यातली कितीतरी माणसं पहिल्यांदा छापील पानावर नावानिशी उभी राहिली.

धोबीतलाव आणि भायखळ्याच्या चाळी सोडून ज्यांनी वसई-विरारला घरं घेतली, त्यांत वादकांची कुटुंबंही होती. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत लग्नाच्या मोसमात ब्रास बँड अजून निघतो, त्यात ट्रंपेटशेजारी सॅक्सोफोन असतो, आणि त्याला फर्माईश येते ती नाचाच्या गाण्यांचीच. गायिका लोर्ना हिची कोकणी गाणी हमखास मागितली जातात. ती रचणारा मडगावचा ख्रिस पेरी स्वतः ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा, चर्चगेटच्या त्याच रेस्तराँमधून वाढलेला जॅझवाला. त्याच्या रचनांतले ब्रासचे तुकडे नीट ऐकले तर नाचाच्या तालाखाली काय दडलंय ते वाजवणाऱ्याला कळतं. नाचणाऱ्याला कळायची गरज नाही.

मिकी कोरिया २०११ मध्ये गेला, अठ्ठ्याण्णवच्या घरात. त्याची मुलगी ख्रिस्टीन कोरिया न्यूयॉर्कमध्ये जॅझ गाते. रॅन ब्लेक या पियानिस्टबरोबर तिच्या अनेक ध्वनिमुद्रिका आहेत: दोनच माणसं, तुटक पियानो, मध्ये लांबलांब थांबे. त्यावर पायाने ताल धरायचा प्रयत्न कुणी करून पाहावा.